डिवचलेला ऑक्सिजन

अंकुश,

तुझ्या शोकसभेत तू कॅन्सरवरचं औषध शोधून काढलंस. तुझ्या कानावर आलं नसेल म्हणून मुद्दाम सांगतो. संस्थेच्या एका संचालकांनी माईक हातात घेतला आणि "आपल्या केजच्या या सुपुत्रानं कॅन्सरला हरवणारा दगड शोधला" असं ठोकून दिलं. मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू होणार होत्या, तेवढ्यात शोकसभा आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मी पहिल्या रांगेत होतो. माझी कानशिलं तापली. तू शेजारी असतास तर माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाला असतास, "बस बे नान्या. बोलू दे त्येंला. भाषणात कोन मेलंय का आजवर?"

सभा संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, स्मरणिकेत अंकुश सरांवर तुम्हीच लिहा. ते भौतिकशास्त्राचे, तुम्ही रसायनशास्त्राचे, इतकी वर्षं एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड बसलात. आणि ते औषधाचं जरा ठळक येऊ द्या." मी म्हणालो, "लिहितो, पण खरं असेल तेवढंच." ते म्हणाले, "खरंच लिहा हो, नको कोण म्हणतंय? फक्त जरा ठळक."

आता आली का पंचाईत? खरं काय तेच तर आपल्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यावरच तर आपलं वाजलं होतं, आणि ते भांडण अर्ध्यात टाकून तू गेलास. सगळे तुझ्यासाठी रडत होते तेव्हा मला तुझा राग येत होता, हे तुला खरं वाटेल. बाकी कुणाला सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील.

जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं दुसऱ्या पानावर चौकटीत येणार आहे. मला सांगायचंय ते त्या दगडाचं. आणि वाचणाऱ्यांना तो समजायचा तर तू मला पहिल्यांदा दाखवलास तिथूनच सुरुवात करावी लागेल.

तू पुण्याहून आला होतास. सुट्टी लागली की तुझ्या जुन्या गाईडच्या प्रयोगशाळेत जायचास आणि येताना एसटीत मांडीवर जेवणाचा डबा धरून बसायचास. डब्यात पोळी नसायची, टॉवेलात गुंडाळलेली काचेची बाटली असायची. त्या दिवशी तू मला भौतिकशास्त्राच्या सामानाच्या खोलीत ओढत नेलंस. खिडकीवर घोंगडी ठोकलेली. तुझ्या घरची, नेकनूरकडच्या तुमच्या मेंढरांच्या लोकरीची, आणि मेंढरांचा वास अजून जसाच्या तसा. मी नाकाला रुमाल लावला. तू म्हणालास, "वास घे, फुकटात हाय. पण दार लाव."

आत मिट्ट काळोख. तू नोटा तपासायचा तो जांभळा दिवा लावलास आणि बाटली त्याच्यापुढे धरलीस. आत नखाएवढा करडा तुकडा होता. शेतातल्या सोलर पंपाच्या पाटीत असतं तेच सिलिकॉन, वाळूतून निघणारं. एरवी त्याच्यावर कितीही उजेड मारा, ढिम्म. पण हा तुकडा शेंदरी पेटला. मी रुमाल खाली घेतला.

"ह्ये कसं काय बे?" मी विचारलं.

"भोकं पाडली," तू म्हणालास. आम्लात ठेवून वीज सोडली की सिलिकॉनला आतून अनारशासारखी जाळी पडते. फक्त ही जाळी डोळ्याला दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. भोकांच्या मधल्या भिंती इतक्या बारीक होतात की त्या आपला मूळ स्वभावच सोडतात. जे सिलिकॉन उजेड नुसतं गिळून बसायचं, ते उजेड परत द्यायला लागतं. मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. शिपाई दार वाजवायला लागला तेव्हा बाहेर आलो.

चमक ही नुसती गंमत आणि खरं काम पुढं आहे, असं तू टपरीवर चहा पिताना सांगितलंस. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन स्वभावानं सुस्त असतो. त्याच्या दोन इलेक्ट्रॉन्सचा कल एकाच बाजूला, म्हणून तो आपल्या अंगातल्या बाकीच्या रेणूंना लवकर हात लावत नाही. लावला असता तर आपण सगळे केव्हाच करपून गेलो असतो. नुसत्या उजेडानंही तो सहसा हलत नाही. पण तुझा हा सिलिकॉनचा कण उजेड घेतो, जरा वेळ धरून ठेवतो आणि जवळून ऑक्सिजन चालला की त्याच्या अंगावर टाकतो. मग ऑक्सिजन डिवचला जातो. समोर जंतू येवो, कॅन्सरची पेशी येवो, नाहीतर माझ्या बाटलीतलं एखादं रसायन येवो, तो त्याला धरतोच.

"डिवचलेला ऑक्सिजन" हा शब्द तुझा. पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे, मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तुझा शब्द विसरत नाहीत. "सर, नाना सरांसारखाच का?" असं एकदा वर्गात कुणीतरी विचारलं आणि तू म्हणालास, "अगदी तसाच. फरक एवढाच, ह्याचा राग पापणी लवायच्या आत उतरतो." हे मला भिंतीपलीकडे ऐकू आलं होतं. मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. शिकवायच्या तासाला माझी उदाहरणं द्यायची तुला काही गरज नव्हती.

पण त्या झटकन उतरणाऱ्या रागातच खरी मेख आहे हे तू मला समजावलंस, आणि मला ते पटलं. तो ऑक्सिजन लांब जाऊच शकत नाही. जिथं डिवचला तिथंच, शेजारच्याला धरतो आणि शांत होतो. म्हणजे उजेड जिथं टाकाल तेवढ्याच जागी काम, बाजूच्या चांगल्या पेशीला धक्का नाही. "आणि दगड? तो अंगातच राहणार?" मी विचारलं. "विरघळतो हळूहळू. लघवीवाटं जातो." हे तू टपरीवर इतक्या मोठ्यानं सांगितलंस की शेजारी बसलेले दोघं तहसीलचं काम सोडून आपल्याकडे बघायला लागले.

मला औषधापेक्षा माझं रसायनशास्त्र जवळचं. एखाद्या रेणूत ऑक्सिजन घुसवायचा तर आम्हाला जहाल द्रव्यं लागतात, आणि मागं उरणारी घाण कुठं ओतायची हा प्रश्न राहतो. इथं उजेड, हवा आणि वाळूतला दगड. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण तुझ्यासमोर मी "बरं आहे" एवढंच म्हणालो. तुला लगेच चढतं.

तुझं मन मात्र मेंढरांकडं होतं. पावसाळ्यात खुरांच्या मध्ये जखमा होतात, पू धरतो, कळप लंगडायला लागतो. ही पूड जखमेवर टाकायची आणि मेंढीला उन्हात बसवायचं, ऊन आणि हवा हेच औषध, असं तू घरी तुझ्या आईंना सांगत होतास. मी म्हणालो, "मेंढी काय खुर वर करून उन्हात पडून राहणार आहे का?" आई चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेंढरू बसंल रं नाना. तुलाच एका जागी बसवाया लई तरास हाय." तू हसून हसून भिंतीला टेकलास.

आता भांडणाकडे येतो.

दगड ऑक्सिजनला डिवचतो हे आपण केजमध्ये बसून कसं बघायचं? मोठी यंत्रं आपल्याकडं नाहीत. तू युक्ती काढलीस. कणानं घेतलेला उजेड एक तर चमक म्हणून बाहेर येतो, नाहीतर ऑक्सिजनला जातो. दोन्हीकडं पूर्ण जाणार नाही. म्हणजे ऑक्सिजन आला की चमक उतरली पाहिजे, ऑक्सिजन काढून घेतला की परत चढली पाहिजे. चमक उतरली म्हणजे दगड बिघडला असं समजायचं नाही, तो कामाला लागला असं समजायचं. मला हे इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमची बी चमक कामाला लागल्यावर उतरती का बघा एकदा."

ऑक्सिजन काढायचा म्हणजे बाटलीत दुसरा वायू सोडायचा. नायट्रोजन. आणि नायट्रोजन केजमध्ये मिळतो कुठं? तू म्हणालास, रशीदभाईच्या टायरच्या दुकानात. गाड्यांच्या टायरात भरतात तो. आपण फुटबॉलचा ब्लॅडर घेऊन जायचो, रशीदभाई तो फुगवून द्यायचे, आपण तो मोटरसायकलवर पोटाशी धरून आणायचो. रस्त्यानं विद्यार्थी नमस्कार करायचे. घोंगडीमागच्या काळोखात बाटलीच्या रबरी बुचाला इंजेक्शनच्या दोन सुया, एकीतून वायू आत, दुसरीतून बाहेर. हवा सोडली की तू ओरडायचास, "उतरली!" नायट्रोजन सोडला की, "चढली!" आणि मलाही दिसायचं. तुझ्यामागोमाग मीही ओरडायचो. फरक थोडाच असायचा, पण असायचा.

मग तो दिवस. ब्लॅडर भरून घेतला आणि सहज तू रशीदभाईंना विचारलंस, हा नायट्रोजन किती शुद्ध असतो? ते ओशाळून म्हणाले, "सर, नायट्रोजनची मशीन तर मागच्या महिन्यापासनं बंद हाय. साधीच हवा भरून देतो तुमाला. फुटबॉलला काय, हवा म्हंजे हवा."

तू मोटरसायकलवर बसलास ते कॉलेज येईपर्यंत बोलला नाहीस. मी बोललो. चांगलाच बोललो. महिनाभर आपण हवेच्या जागी हवा सोडत होतो आणि "चढली, चढली" म्हणून नाचत होतो. मी म्हणालो, तुझे डोळे तुला पाहिजे तेच बघतात. तू म्हणालास, मशीन चालू होती तेव्हाचं तर खरं होतं ना! मी म्हणालो, ते खरं आणि हे खोटं हे ठरवणार कोण, तेच डोळे? तू मोबाईलवर काढलेली चित्रफीत पुढं केलीस. मी म्हणालो, अंधारात मोबाईलचा कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, तो तर तुझ्यापेक्षा फितूर. मग तू चिडलास. "मी पाह्यलंय बे. मला म्हाईत हाय मी काय पाह्यलंय." आणि मी म्हणालो, "मेंढपाळाच्या घरचा तू. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या कशात ठेवतात? द्रव नायट्रोजनमध्ये. त्याची वाफ म्हणजे निखळ नायट्रोजन. आणि तू नायट्रोजन शोधतोस पंक्चरच्या दुकानात!"

ह्यातला एकही शब्द मी परत घेणार नाही. तू असतास तरी घेतला नसता. पण तू "बघू" म्हणालास, पुण्याला गेलास, एक ताजी बाटली घेऊन आलास, आणि आपण दोघं फुगून बसलो. तू आधी बोलशील याची मी वाट बघत होतो, तू माझी बघत असशील. नंतर काय झालं ते मी इथं लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला लिहवत नाही.

दहाव्याला तुझ्या घरी गेलो. पाहुणे पांगल्यावर सविता वहिनींनी फ्रिजच्या दारातून बाटली काढली. दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली होती. त्यांनी खोलीतला दिवा मालवला, खिडकी लावली आणि तुझा जांभळा दिवा धरला. तुकडा शेंदरी पेटला. आई पाटावर बसून त्याच्याकडं बघत होत्या. रोज एकदा बघतात म्हणे.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ह्ये तेवढं राहू द्या."

मी मागितलीच नव्हती. पण मी बाटलीकडं ज्या नजरेनं बघत होतो ती त्यांनी ओळखली. मी सगळं खरं सांगितलं. सांगितलं की सभेत जे बोलले ते अंकुशनं कधीच म्हटलं नव्हतं, आणि त्यानं जे म्हटलं होतं ते खरं की नाही हे या एका तुकड्यावर कळेल. आमच्याकडं दुसरा नाही. जुने सगळे हवा खाऊन कामातून गेलेत.

"उघडल्यावर काय हुईल?"

"सुया टोचल्या की हवा आत जाणार. मग तुकड्यावर काचेसारखा पापुद्रा धरतो. चमक कमी होत जाईल. किती राहील, सांगता येत नाही."

"आन न्हाई उघडलं तर?" हे आईंनी विचारलं.

"तरी जाईलच कधीतरी. पण लई दिवस टिकंल."

वहिनी बाटली पुसत बसल्या. मी उठलो. अशा घरात अजून एक शब्द बोलायची माझी हिंमत नव्हती. वाटेत मनाशी ठरवलं की स्मरणिकेला नाही म्हणून सांगायचं. जे माहीत नाही ते लिहायचं नाही, आणि माहीत करून घ्यायला त्या दोघींच्या हातातून ती बाटली काढून घ्यायची नाही.

दोन-चार दिवसांनी भर दुपारी वहिनी कॉलेजात आल्या. अंगणवाडीतून सरळ आल्या होत्या, पिशवीत पोरांच्या पाट्या आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली. टेबलावर ठेवून म्हणाल्या, "करा."

"वहिनी, विचार केलाय ना?"

"आत्यांनी सांगितलं. म्हनल्या, त्येनं ह्ये दिवा म्हनून नव्हतं आनलं."

अंकुश, आईंचा हा निरोप ऐकला. मी खुर्ची पुढं केली आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आधी हसले आणि मग त्यांनी थोडा द्रव नायट्रोजन दिला. उघड्या थर्मासातून निघणारी वाफ मी ब्लॅडरमध्ये धरली. दुसऱ्या ब्लॅडरमध्ये पंपानं हवा भरली, तीही बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्यांवरून कोरडी करून, नाहीतर ओलाव्यानं नवीनच घोळ झाला असता. दोन्ही सावलीत ठेवून दिले. एक गार आणि एक गरम असता तर तू पहिल्यांदा त्याच्यावरून मला धरलं असतंस. हे सगळं करताना मी तुझ्याशी मोठ्यानं बोलत होतो हे शिपायानं पाहिलं. त्यानं दार लोटून घेतलं.

राहता राहिले डोळे. तुझ्या डोळ्यांना मी फितूर म्हणालो होतो, पण आता माझे कुठं निर्मळ होते? मला तू खरा ठरायला हवा होतास. इतका हवा होतास की काळोखात नुसती काजळी असती तरी मला चढताना दिसली असती. म्हणून मी वहिनींना म्हणालो, "तुम्ही माझ्या पाठीमागं बसा. दोन्ही ब्लॅडरच्या नळ्या आणि त्या उघडायची कळ तुमच्या हातात. कुठली सोडायची ते तुम्ही ठरवा, मला सांगू नका. मी नुसतं उतरली की चढली ते बोलेन. तुम्ही हूं की चूं करायचं नाही. खरं-खोटं शेवटाला."

खिडकीवर तीच घोंगडी. जांभळा दिवा लावला. तुकडा पेटला, आणि माझ्यामागं कपड्यांची सळसळ झाली.

मी बोलायला लागलो. चढली. उतरली. उतरलेलीच आहे. चढतीय. एकदा बराच वेळ बघत बसलो आणि म्हणालो, काहीच फरक नाही. परत उतरली. मग पुन्हा, फरक नाही. कपाळावर घाम आला. प्रत्येक शब्दाला वाटत होतं की आता वहिनी हुंकार देतील, श्वास सोडतील, काहीतरी कळेल. काही कळलं नाही. त्या अंगणवाडीत पोरांना लपाछपी शिकवतात, त्यांना गप्प बसायला कोण शिकवणार?

ब्लॅडर सैल पडले तेव्हा मी घोंगडी बाजूला केली. उजेडात आम्ही दोघं डोळे मिचकावत एकमेकांकडं बघत राहिलो.

"बोला," मी म्हणालो.

"येकदाबी चुकला न्हाईत."

मी विश्वास ठेवला नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हणालो, "वहिनी, राग मानू नका, पण तुम्हालाही तो खरा ठरायला हवाय. मला बरं वाटावं म्हणून तर..."

"मला म्हाईतच हुतं तुमी आसं म्हननार." त्यांचा आवाज चढला. "दोनदा मी नुसता नळीला हात लावला, कळ दाबल्याचा आवाज केला आन काहीच सोडलं न्हाई. दोनीबी वेळला तुमी म्हनलात, फरक न्हाई. आता ह्ये बी तुमाला बरं वाटावं म्हनून झालं का?"

मग मी विचारलं, हे असं फसवून बघायचं त्यांना कुणी सुचवलं.

"कुनी म्हंजे? त्यांनीच." वहिनी खाली बघत म्हणाल्या. "तुमचं भांडन झालतं त्या दिवशी घरी आले आन जेवताना म्हनले, नान्या बोलतो वंगाळ पन बोलतो खरं. माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवून चालायचं न्हाई. मला न सांगता कुनीतरी नळी सोडाया पायजे, आन मधी-मधी गंडवाया बी पायजे. तवा खरं कळंल. म्हनले, पुन्याहून आलो की तूच बस माझ्या पाठीमागं. ती बाटली त्याच्यासाठीच आनलती."

तर असं आहे, अंकुश. तू घरी बसून मला खरा म्हणून मोकळा झालास आणि माझ्यासमोर तोंड फुगवून फिरत राहिलास. आणि मी इकडं तू आधी बोलावंस म्हणून वाट बघत बसलो. मी तिथंच, वहिनींसमोर, टेबलावर डोकं ठेवून रडलो. लाज वाटली नाही. त्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, शिपाई बघंल." मी म्हणालो, "बघू द्या."

प्राचार्यांना मी आज सांगून टाकलं की कॅन्सरचं औषध स्मरणिकेत येणार नाही. येणार ते एवढंच. तू म्हणालास की दगड ऑक्सिजनला उजेड देतो, देताना त्याची स्वतःची चमक उतरते, आणि ऑक्सिजन गेला की ती परत येते. ते खरं आहे. तू पाहिलं होतंस ते पाहिलं होतंस. ह्याच्यातून कुणाचा रोग बरा व्हायला अजून कितीतरी माणसांचं आयुष्य जाईल, आणि तुझ्या मेंढीला उन्हात कसं बसवायचं हे अजूनही कुणाला माहीत नाही. प्राचार्य म्हणाले, "एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच म्हणजे लई झालं, सर."

तुकडा वहिनींनी परत नेला. काल विचारायला गेलो तर आई म्हणाल्या, उजेड उतरलाय, पण हाय. बरोबर नेलेला नायट्रोजन सोडून पाहिला, तरी आता हवेत दिसतो तसाच दिसतो. पापुद्रा धरला असणार. आता तो ऑक्सिजनला काही देणार नाही. त्या दोघींना ह्याचं वाईट वाटलं असेल तर त्यांनी मला दाखवलं नाही. मला वाईट वाटलं. पुढच्या सुट्टीत मी पुण्याला जाणार आहे, तुझ्या गाईडना भेटायला. भोकं पाडायचं मला जमेल असं वाटत नाही, पण शेजारी उभं राहून बघता तर येईल.

आणि एक गोष्ट राहिली, ती कुणाला विचारावी कळत नाही. हवा आत गेली की चमक झटकन उतरायची. नायट्रोजन आला की मात्र परत चढायला वेळ घ्यायची, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. मी म्हणतो, भोकांच्या तळाशी थोडा ऑक्सिजन अडकून बसत असणार. वहिनी म्हणतात, तुकडा दमला असणार. तू ह्या दोन्ही गोष्टींना हसला असतास आणि तिसरंच काहीतरी सांगितलं असतंस, आणि मोटरसायकलवर पार मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत आपण त्याच्यावर भांडत गेलो असतो. ते तिसरं काय असेल याचा मी चार दिवस अंदाज बांधतोय. तुझं सगळं बोलणं मला पाठ आहे, नक्कल करता येते, पण तुला नवीन काय सुचलं असतं तेवढं काही केल्या सुचत नाही.

काहून वेळ लागत असंल बे, अंकुश?